पोटासाठी

सकाळी खाऊन घ्या, म्हणाला डॉक्टर आस्लाक.
मी खिडकीकडे पाहिलं.
डिसेंबरात आमच्या बेटावर सकाळ नसते.
अकराच्या सुमारास डोंगरामागे जरा निळसर होतं
आणि दोनच्या आत तेही आवरून निघून जातं.
मग आम्ही ठरवलं:
कॉफीचं यंत्र गुरगुरलं, की सकाळ.

तीन पांढऱ्या गोळ्या, खवल्याएवढ्या.
ऑक्टोबरात मला स्वेटर डोक्यावरून काढता येत नव्हता,
खांद्यांवर कुणीतरी ओली जाळी टाकून गेल्यासारखं.
पहिल्या गोळ्यांनंतर तिसऱ्या दिवशी
मी जिन्यावरून भरभर खाली आले
तर ओड्वार घाबरला, काय झालं म्हणून.
काही नाही, म्हटलं. उतरता येतंय.

वर्ष दीड वर्ष तरी चालेल हे.
मग डोस हळूहळू खाली आणायचा,
शेवाळलेल्या धक्क्याच्या पायऱ्या उतरतात तसा.
पाय टाकायचा. थांबायचं.

आणि चौथी, पोटासाठी, हवी का?
हवी का, असं विचारलं त्याने.
घ्या, असं नाही म्हणाला.
एकट्या स्टेरॉइडने पोटाला फोड येईलच असं नाही.
तुम्हाला पूर्वी कधी अल्सर नाही.
आणि वर्षानुवर्षं घेतली तर हीसुद्धा अगदी साधीभोळी नाही,
हाडांबद्दल थोडी शंका आहे,
हाडं तर या तिघी आधीच कुरतडणार.
बोलता बोलता त्याने दोन्ही तळवे पुढे धरले,
तराजूसारखे.
मला दोन्ही रिकामेच दिसले.

पोटासाठी!
एकोणतीस वर्षं मी पोटासाठी कॉडची पोटं फाडली.
थंड पाणी, रबरी हातमोजे, पट्ट्यावरून सरकत येणारा पुढचा मासा.
आतून काय काय निघायचं: अख्खे खेकडे, गळ,
एकदा एक बाहुलीचा बूट.
आणि माझ्या पोटाने तर सगळंच पोटात घातलं,
ओड्वारची ती दारूची वर्षं,
थोरल्याचं पत्र न लिहिणं,
नवऱ्याच्या आईच्या हातची खारवलेली डुकराची चरबी.
सोसतं का रे, असं त्याला कधी विचारलं नव्हतं कुणी.
आता एकदम गोळी?
नको, म्हटलं. राहू दे.

दुसरं काही औषध घेता?
नाही.

ओठात नाही,
पोटात रोज रात्री एक, गार वाऱ्याला दोन.
गुडघ्यासाठीची इबुप्रोफेन,
किराणा दुकानात गल्ल्यामागे मिळते ती,
बटाटे, दूध, काडेपेटीबरोबर पिशवीत टाकून आणलेली.
तिला औषध म्हणावं असं मनातच आलं नाही.
ती घरातली होती, मिठासारखी.

परतीच्या फेरीत कॉफीचा कागदी पेला हातात होता.
तळाशी काळा गाळ.
आणि हालगेर आठवला, माझा भाऊ,
मोरीवर वाकलेला, असाच काळा गाळ ओकत,
काही नाही गं, म्हणत.
तोही पाठीसाठी मूठभर गोळ्या खायचा,
त्यांनाही आम्ही औषध म्हणत नव्हतो.

दीपगृहापुढे फोन लागत नाही.
त्याच्या अलीकडे मी डॉक्टरला गाठलं.
एक सांगायचं राहिलं, म्हटलं.
राहिलं नव्हतं.
पलीकडे तो गप्प. मग कळफलकाचा टकटकाट.
बोर्गहिल्ड, प्रश्नच बदलला हा, म्हणाला.
ती आधी बंद करा.
आणि पोटाची लिहून देतोय,
तूर्तास घ्या. वसंतात पुन्हा बघू.
रागावला नाही. रागावला असता तर बरं होतं.

आता यंत्र गुरगुरलं की आधी ती एकटी,
मग पाव, तपकिरी चीज,
मग त्या तिघी.
ओड्वार विचारतो, यातली कोण कुणाची राखण करते?
मला नीटसं सांगता येत नाही.

गुडघा मात्र कुरकुरतो,
जिन्याच्या चौथ्या पायरीवर, नेमाने.
कुरकुरू दे.
निदान तो बोलून दाखवतो.