ताशी तीस

मुलगी पंधराची झाली तेव्हा सिक्स्टेनने
तिला केक आणला नाही, व्हॉल्व्हो आणली.
माझ्या लग्नाइतकी जुनी. मागचा अर्धा पत्रा कापलेला,
मागच्या सीटच्या जागी फळ्यांचा हौदा,
वेल्डिंगचे व्रण अजून गरम.

आमच्याकडचा कायदा असा, की अशी गाडी म्हणजे ट्रॅक्टर.
पंधराव्या वर्षी चालवता येते,
फक्त ताशी तीस.
पाठीवर लाल त्रिकोण लावायचा,
बाकी मागच्याने समजून घ्यायचं.

मी हसलो. मी इंपालावाला.
एकोणसाठची, आठ सिलिंडर, मागे वटवाघळाचे पंख.
लाकूडगिरणीतले तीन हिवाळे मोजून दिले मी तिच्यासाठी.
गॉथेनबर्गच्या धक्क्यावर ती उतरली
तेव्हा सीटखाली मूठभर वाळू होती
आणि फ्रेस्नोतल्या कुठल्याशा दुकानाची पावती: दोन मिल्कशेक.
पावती अजून पाकिटात आहे.
कुणाची तरी उधारी माझ्या नावावर असल्यासारखी.

सिक्स्टेन कधी सुंड्सवालच्या पुढे गेला नाही.
पण त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर जग टाचलेलं होतं:
साओ पाउलोतली जमिनीला पोट टेकलेली ओपाला,
न्यू मेक्सिकोत चर्चबाहेर तीन चाकांवर उभी असलेली जांभळी गाडी,
आणि ओसाकाच्या एका दंतवैद्याची स्कायलाइन,
दातांसारखीच घासलेली.
दंतवैद्याला इंग्रजी येत नव्हतं, सिक्स्टेनलाही नाही.
ते एकमेकांना नटबोल्टांचे फोटो पाठवायचे.
बावीस वर्षं.

टीरा शाळा सुटली की तिथेच.
नखांत ग्रीस, केसांत पत्र्याचा कीस.
मी म्हणायचो, गोगलगाईला कशाला इतका रंग?
सिक्स्टेन पाना न थांबवता म्हणायचा,
तू नुसता पोचतोस, यंग्वे.

मे महिन्यात, तळ्यावरचा बर्फ अजून तडकत असताना,
तो गॅरेजमध्येच गेला. व्हॉल्व्होखाली.
रेडिओ चालू होता.

शवगाडी लिक्सेलेहून येणार होती.
टीरा म्हणाली, नाही.
तिने हौद्यातल्या फळ्या घासल्या, स्पीकर काढले,
आरशाला लटकणारं वासाचं झाड काढलं, मग परत लावलं.
पाद्रीणबाईंनी कायदा विचारला.
टीरा म्हणाली, ट्रॅक्टर आहे, ओझं नेतो.

एक्केचाळीस किलोमीटर. एक तास बावीस मिनिटं.
पुढे ती, मागे आम्ही एकोणीस:
प्लिमथ, डॉज, दोन फोर्ड, पोंटिअॅकमध्ये हेल्यी भावंडं,
सगळे पन्नाशीच्या पुढचे, सगळे पहिल्या गिअरमध्ये,
ज्यांनी या रस्त्यावर आयुष्यभर
फक्त टायर जाळले.
लाकडाचे ट्रक आमच्या मागे तुंबले. एकानेही भोंगा वाजवला नाही.

इतक्या हळू इंपाला कधी चाललीच नव्हती.
तापमानाचा काटा चढू लागला.
आठ सिलिंडर थंड ठेवायचा एकच उपाय असतो,
हीटर पूर्ण उघडायचा, उष्णता आपल्या अंगावर घ्यायची.
घेतली. काळ्या कोटात, बंद गळ्यात, घामाने चिंब.

आणि मला पहिल्यांदाच दिसलं
की ग्रानलिडेनच्या वळणावर अकरा टपालपेट्या आहेत.
हिरव्या. एकीवर पिवळा मासा रंगवलेला.
चाळीस वर्षं त्या वळणाला मी
फक्त हिरवी रेघ म्हणून ओळखत होतो.

व्हॉल्व्होचे मागचे दिवे लागले. टीरा थांबली.
म्हणून आम्ही एकोणीस थांबलो, ट्रक थांबले.
ती उतरली, पिवळ्या माशाचं झाकण उघडलं,
आतून एक लहान पुडकं काढलं.
दोरी बांधलेलं. जपानी तिकिटं.

मला वाटलं, ती फोडेल.
तिने ते नुसतं हातात तोललं, जसा तो
पार्टचं वजन बघायचा,
आणि हौद्यात, पेटीला लागून, ठेवलं,
घसरू नये म्हणून आपला मफलर खाली लावून.

मग पहिला गिअर.
माझ्या काचेवर वाफ धरलेली,
मी बाहीने पुसत होतो, पुन्हा पुसत होतो,
आणि पुढे तो लाल त्रिकोण
कुठेही न घाई करता.