शंभरातली किती

शिनपूच्या उतारावर वारा सुटला की
आई गोल सुपांत फळं मांडते,
टेंभुर्णीच्या गोतातली, पण मुठीएवढी, नारिंगी.
सोलायची, वाळवायची, बोटांनी दाबायची,
पुन्हा वाळवायची.
धूळ बसते. माशी बसते. आई फुंकर मारते.

यू-श्वेन रात्रभर पांढऱ्या झग्यात,
फक्त डोळे उघडे,
जिथे फुंकर मारणं हा गुन्हा.
पापणीचा एक केस पडला
तर खाली गावंच्या गावं गाडली जातात.
यंत्रावर कुणीतरी ठेवलंय
खोबऱ्याच्या चवीच्या खाऊचं हिरवं पाकीट,
यंत्रानं गुणी राहावं म्हणून.
त्यावरची तारीख उलटू द्यायची नसते.
यू-श्वेन पदार्थविज्ञानातली डॉक्टर;
पाळीवर आली की तीही आधी तारीख बघते.

पाचचं झालं, तीनचं झालं, आता दोनचं.
दोन काय? कशाची लांबी?
पट्टी लावाल तर तिथे दोन भरेल असं काहीच नाही.
तो आकडा आता नुसतं नाव,
साठीच्या बाईला घरात अजून धाकटी म्हणतात तसं.
तरी त्या नावापायी
समुद्रापलीकडे प्योंगटेकला रात्रभर दिवे जळतात
आणि इथले दिवे
ते दिवे बघून जळतात.

काइ-युन तिकडे गेला त्याला पाच वर्षं झाली.
तिनं फोनमधलं त्याचं नाव पुसलं नाही,
फक्त फोन केला नाही.
आज मावशीच्या मातीला आला,
संध्याकाळी इथे अंगणात टेकला.
दोघं हवेवर बोलले.
गुडघ्यांवर. मुलाच्या चष्म्यावर.
मग हवेवरच, पुन्हा.

आईनं चहा ओतला.
"यंदा शंभरातली ब्याण्णव निघाली," म्हणाली,
"आठ नासली. पलीकडच्या ल्यूची पंच्याऐंशीच.
मी सांगितलं त्याला, रात्री सुपं आत घे.
तुमची किती निघतात रे?"

काइ-युन कपात बघत राहिला.
यू-श्वेनला एकदम
एक सूप वाकडं दिसलं, ती उठली.
"बरी निघतात, काकू."
"बरी," तीही म्हणाली, पाठमोरी.

आईनं दोन पुड्या बांधल्या, हातानंच तोलून.

फाटकाशी तो थांबला.
"ते हिरवं पाकीट," त्यानं विचारलं, "अजून ठेवता?"
ती हसली.
हे सांगायचं की नाही,
तिला ठरवता येईना.