पाचवीचा कागद

तांबट आळीने त्या दुपारी हातोड्या खाली ठेवल्या होत्या.
कर्ड्यांच्या गोदूची तिसरी खेप.
आधीची दोन्ही आठव्या दिवशी गेली:
दूध ओढेनात, जबडा मिटला, पाठीची कमान झाली.
ठकूबाई, तू म्हणालीस, सटवाईचं लिहिणं.

मी सूतिकागृहातली.
आळीने मला आधी बुटांवरून ओळखलं,
मग बोडक्या कपाळावरून.
पेटीत कार्बोलिक, कात्री, उकळलेला दोरा,
आणि तुला दटावायला पाठ केलेली चार वाक्यं.

मूल आडवं होतं.
तू तळव्याला तेल चोळलंस, डोळे मिटलेस,
कणकेचा गोळा फिरवावा तसं
पोटावरून फिरवलंस त्याला.
माझ्या पुस्तकात त्याची सहा पानं होती.
ती चार वाक्यं मी गिळली.

तू विळा काढलास. मी कात्री काढली नाही.
म्हटलं, विळाच उकळू.
कर्ड्यांनी कल्हई न केलेलं नवं पातेलं दिलं.
"विळ्याची भाजी करतेस काय गं?" तू म्हणालीस,
आणि गोदू, दोन कळांच्या मध्ये, हसली.

राख मात्र नाळेला लावू दिली नाही.
तेवढ्यावरून तू तीन दिवस अबोला धरलास.

पाचवीच्या रात्री पाट्यापाशी
कोरा कागद, बोरू, दौत.
मी ताणकाट्याला झोळी अडकवली,
आणि माझी वही सूतिकागृहात राहिलेली,
म्हणून त्याच कागदावर लिहिलं:
पाच पौंड, दोन औंस.
"अगं, ती जागा तिची!"
"कोपराच घेतलाय, ठकूबाई.
बाकी सगळा कागद तिला."

आठवा दिवस.
शेगडीच्या दोन बाजूंना आपण दोघी,
शेपाच्या धुरीने डोळे चुरचुरणारे.
दर घटकेला तू करंगळी
त्याच्या ओठांना लावून बघायचीस.
मी घड्याळ बघायचे. तुझं पाहून मीही
करंगळी लावली. त्याने ती धरली,
चोखली, सोडली, रडला.

पहाटे शेजारच्या घरातून
पहिला ठोका पडला तांब्यावर.
तू उठलीस, पदर झटकलास,
ओटीतले तांदूळ माझ्याकडे अर्धे सरकवलेस
आणि बुटांकडे बघत म्हणालीस,
"हे चावत नाहीत का गं पायांना?"

चावत होते.

गोदू पुढच्या प्लेगात गेली.
त्याला माझ्याकडे काही नव्हतं, तुझ्याकडेही नाही.
तो कागद तिने देव्हाऱ्यात ठेवला होता म्हणे,
कोपऱ्यातली शाई फिकट,
बाकी कोराच.