तेरा त्रिक

सावद्याच्या वजनकाट्यावर रात्रपाळीला बसतो
त्याचं आडनाव झोपे.
यावर हसून झालंय सगळ्यांचं,
आता ड्रायव्हरही हसत नाहीत.

डिगंबर झोपे. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात
रद्द पावत्यांच्या पाठीवर भागाकार करतो.
सकाळी आठला मी खुर्ची घेतो
तेव्हा ड्रॉवर बाक्यांनी भरलेला:
बाकी चार, बाकी एकोणीस, बाकी दोनशे सहा.
शून्य कुठेच नाही.
शून्य आलं असतं तं खेळ खलास, म्हणतो,
मंग मी कायले जागलो असतो?

पौषात पारा सहावर गेला,
केळीची पानं कडेनं काळी पडत आली,
त्या आठवड्यात त्याची खात्री झाली:
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.

आठ हजार सहाशेच्या आतली
एकूण एक मूळ संख्या लावून पाहिली त्यानं,
हजारावर भागाकार, सहा आठवडे,
मधे एक हातचा विसरला म्हणून तीन रात्री पुन्हा.
कुणाचाच भाग जात नाही.

हे तं काहीच नाही, म्हणाला,
आणि अंगठ्यानं शेवटचा तीन झाकला.
उरलं तेही मूळ.
अलीकडचा तीन झाकला. मूळ.
एक. नऊ. तीन. नऊ.
घड उतरल्यावर खोडाचे सोप सोलावेत
तसा आत आत जात राहिला,
त्र्याहत्तरवर आला, मग सातवर,
आणि हात काढून घेतला.

मला पाढ्यांपलीकडे गणित नाही.
पण एकोणचाळीस म्हणजे तेरा त्रिक, मी म्हणालो,
फुटका आकडा, तोही दोनदा.
मग अख्खी कशी फुटत नाही?
भरल्या गाडीकडे पाहावं तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं.
एकोणचाळीसले काय मालूम, तो कोनात बसलाय.

मग वाढव की पुढे.
वाढत नाही.
सम आकडा नको, पाच नको.
एक लावला तर अंकांची बेरीज एकोणचाळीस,
घे, तुझंच तेरा त्रिक.
सात लावला, पंचेचाळीस.
तीननं आणि नवानं होळीपर्यंत छळलं,
मग तेही फुटले.
आठ आकड्यांपर्यंत अजून चौघी पोचल्या होत्या, म्हणाला,
नवव्याला एकही नाही.
हिच्याहून मोठी, अशी सोलता येणारी,
नाही म्हणजे नाहीच.

तो सायकल काढून गेला.
बाहेर पहिली गाडी काट्यावर चढली,
भरलेली वजा रिकामी, उरलं ते केळं.
पावती फाडायच्या आधी
मी त्याच्या कागदावर माझा अंगठा ठेवून पाहिला,
चिकाचे डाग न निघालेला,
आणि तो सातही झाकला.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला.
कागद उलटला तर पलीकडे छापलेलं:
एकूण वजन, रिकामे वजन,
आणि तिरपा शिक्का.