पन्नास सागरी मैल

गोंदूरच्या धावपट्टीवर मी गवत राखतो,
कुत्री हाकलतो, वाऱ्याचा पायमोजा फाटला
तर दोन टाके घालतो.
शिकाऊ पोरं माझ्याशी फारशी बोलत नाहीत.
शिलाँगची एक पोरगी आहे, दाफिशा,
ती मात्र सगळंच विचारते.
तिनेच नकाशावर पट्टी ठेवून दाखवलं:
धुळे, जळगाव, जवळजवळ एकाच आडव्या रेघेवर.
पन्नास सागरी मैल, काका.
म्हटलं, बाई, इथे पांझरेला पाणी नसतं
नि तुम्ही सागर कुठून आणला?

जाताना सव्वीस मिनिटं, वारा पाठीशी.
येताना चौतीस.
अंतर तेच.

दुसऱ्या टोकाला, कुसुंब्याच्या कुंपणाशी,
माझा मेहुणा रोहिदास. त्याचंही काम हेच, गवत नि कुत्री.
चाकं सुटली की मी फोन लावतो: निंघनं.
अर्ध्या तासानं त्याचा येतो: उनं.
दोन वर्षं एवढंच बोलणं.
मधल्या वेळात माझी एक भाकर खाऊन
तंबाखूची चिमूट मळून होते.
कधी तो घरी असला तर मागे भांडी वाजतात.
कोकिळा असणार.
ती फोनवर येत नाही.

आईचं पितळी घंगाळ. त्यावरून.
सांगण्यासारखं त्यात काही नाही.
ती म्हणाली मला दे, मी म्हणालो राहू दे,
मग दोन आखाज्या लिंबाला झोका बांधला
नि तसाच सोडला.

दाफिशाला एकदा विचारलं, तिकडे उतरून काय करता?
उतरत नाही काका, म्हणाली,
चाकं टेकवायची, थांबायचं नाही, लगेच उचलायचं.
वहीत तेही उतरणंच धरतात.
मी तारेला धरून बराच वेळ उभा होतो.
बहिणीच्या दारी कितीदा गेलो असेन असा,
उभ्यानं चहा,
गाडी चुकेल म्हणत.

काल रजा टाकली.
घंगाळ चिंचेनं घासलं, गोणपाटात गुंडाळलं,
सातच्या एसटीत मांडीवर घेतलं.
कंडक्टर म्हणाला, याचं अर्धं तिकीट लागेल.
फागणे, मुकटी.
पारोळ्याला गाडी चहाला थांबली
तेव्हा डोक्यावरून ते गेलं, पूर्वेला, सरळ,
मला कोणीच सांगितलं नव्हतं निघालं म्हणून.

एरंडोलच्या अलीकडे टायर बसला.
सगळे खाली. मी बांधावर, गोणपाट सुटलेलं,
घंगाळात माझं तोंड वाकडं, कानाशी आभाळ,
आणि त्या आभाळात तेच विमान, परत,
वाऱ्याला छाती देत,
बैलगाडीसारखं.

फोन वाजला. इमान उनं नि गयं बी,
रोहिदास म्हणाला, आज तुना फोन नही?
मागे भांडी थांबली.
कोकिळेचा आवाज:
इचार त्याले, कथा शे.

गिरणा अजून पुढे होती. ड्रायव्हर जॅक काढत होता.
मी म्हणालो,
निंघनू.