नकाशावरचा आकडा ४१२

पहाटे साडेतीनला प्रतापनगरच्या चौकात
आम्ही चौदा जण आणि चौदा कांदे.
हेडाऊ सर एकेकाचा खिसा चाचपून बघतात:
कांदा नाही, तर डोंगर नाही.
मे महिना. रात्रभर कूलरनं घासूनपुसूनही
जो वारा गार झाला नाही,
तोच आता गाडीच्या खिडकीतून जरा बरा लागतो.

डोंगर म्हणायचं, एवढंच.
घाटावरचे पाव्हणे बघतील तर हसतील.
पण सपाटीवर जन्मलेल्या माणसाचं असं असतं,
जमीन कुठं कोपरभर उचलली गेली
की मान आपोआप वर जाते.

रामटेक मागे पडलं. मग डांबर संपलं.
सरांनी विजेरीत नकाशा उलगडला,
निवृत्त झाले तरी वर्गात उभे असल्यासारखे:
'हिला नाव नाही. हा आकडा बघा, चारशे बारा.'
नंदनवारबाईंनी वहीत लिहून घेतलं.
त्या सगळंच लिहून घेतात, डाळीचे भावसुद्धा.

अंधारात कुलूची झाडं पांढरी,
कपडे काढून नदीवर निघाल्यासारखी.
पायाखाली पानगळ एवढी वाजते
की कुजबूज करायलाही ओरडावं लागतं.
अस्वल? हो, असतं म्हणे,
पण मोहफुलं संपली, आता त्याला इथं काय काम,
असं इरफान म्हणाला, आणि रांगेच्या मधोमध आला.

माझा गुडघा तिसऱ्या वळणावर बोलू लागला.
बँकेत एकतीस वर्षं खुर्चीवर बसून
मी लोकांचे पैसे मोजले,
आता श्वास मोजताना
वीसच्या पुढं हिशेब चुकतो.

आणि तेव्हा वरून बाया उतरल्या.
सहा की सात. डोक्यावर तेंदूपानांचे भारे,
पायात स्लिपर, एकीच्या तर तेही नाही.
आम्ही बाजूला झालो, काठ्या, टोप्या, पाठपिशव्या सावरत.
उजाडायच्या आत यांचा डोंगर चढून, तोडून, उतरूनही झालेला.
मागची थांबली. विजेरीचा झोत तिनं हातानं दूर सारला.
'काय हारपलं बाप्पा तुमचं वरतं?'

चौदा माणसं गप्प.
हेडाऊ सरांपाशी जगातल्या सगळ्या नद्यांची लांबी आहे,
याचं उत्तर नव्हतं.
मीच म्हणाले, 'काही नाही. फिरायला आलो.'
'फिराले,' ती म्हणाली. शब्द चाखून बघितल्यासारखा.
मग मला म्हणाली, 'बस ना माय, दम खा.
ह्या टेकडीले दमखाच म्हनतेत.
भारा टेकवाले ही येकच दरड हाय.'

तिनं भारा दरडीवर टेकवला. मी स्वतःला टेकवलं.
दरड मधोमध झिजून गुळगुळीत झालेली.
ओच्यातून तिनं चार टेंभरं काढून दिली,
पिवळी, चिकट, बियाच जास्त.
मी कांदा पुढं केला. दुसरं काही सुचेना.
ती हसली आणि तिनं तो घेतला.
सत्तर पानांचा एक पुडा, असे शंभर पुडे,
फळीवर आठच्या आत पोचवायचे.
मी मनात गुणाकार केला, सवय.
सात हजार वेळा वाकणं.

वर पोचलो तेव्हा ऊन आधीच येऊन बसलेलं.
'नागपूर कुठं?' सगळ्यांनी एकदम विचारलं.
सरांनी धुळकट क्षितिजाकडं काठी रोखली.
तिथं काहीही नव्हतं,
तरी प्रत्येकाला आपापली गच्ची दिसली.
मला तर टाकीतलं पाणीही दिसलं,
नळ बंद करायचा राहिलेला.

पन्हं संपलं. फोटो निघाले.
उतरताना त्या दरडीपाशी सर थांबले,
शिसपेन्सिल थुंकीनं ओली केली,
४१२ च्या शेजारी बारीक अक्षरात काही लिहिलं,
आणि नकाशा पुन्हा
चुकीच्या घडीवर दुमडला.

गाडीत परत मोजणी झाली.
माणसं चौदा, कांदे तेरा.
'कोणाचा गेला?'
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
जिभेवर टेंभराचा तुरटपणा अजून होता.