पाने

रहिमतपूरला, स्टेशनच्या रस्त्यावर,
हिंदुराव फडतऱ्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान.
चौदाव्या वर्षी मी तिथे लागलो.
पहिले सहा महिने एकच काम:
संध्याकाळी पाने मोजायचे.

भिंतीवर फळी, फळीवर लाल रंगात
प्रत्येक पान्याची सावली काढलेली.
एक जरी सावली मोकळी दिसली
तरी शटर ओढायचं नाही.
"पाना पोटात राहिला," म्हणायचे,
"तर विमान वर जातं न् माणूस खाली येतो."
मी हसायचो. आमच्याकडे विमान कुठलं,
धामणेरच्या विहिरीतली पाच हॉर्सपॉवरची मोटार.

एकदा पोस्टाने जाड पुस्तक आलं.
स्क्वाड्रनचा इतिहास, गुळगुळीत कागद.
कधी उभी राहिली, कुठल्या तळावर हलली,
कोणती विमानं आली, कोणती भंगारात गेली,
आणि एका एप्रिलात तिचा नंबर काढून
कपाटात ठेवला, म्हणजे काय
ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही.
त्यांनी भराभर पानं उलटली
दुसऱ्याच्या घरची लग्नपत्रिका वाचावी तशी.
थांबले एकशे बाराव्या पानावर.

विमानापुढे तीन रांगा.
पहिली खुर्च्यांवर, खाली नावं, हुद्द्यांसकट.
दुसरीखाली नुसती आडनावं.
तिसरीखाली छापलेलं: 'आणि सर्व्हिसिंगची माणसं'.

चष्म्यावर भिंग धरून, पेन्सिलीला थुंकी लावून
ते लिहू लागले.
हा केशवन, इंजिनाला कान लावून सांगायचा
कुठलं बेअरिंग रडतंय.
हा गुरनाम, बॉम्बच्या ट्रॉलीवरच झोपायचा.
हा लालथंगा, रेडिओवाला.
हा मकबूल शेख. त्या डिसेंबरात पट्टीवर खड्डे पडले,
एका रात्रीत अकरा टायर बदलले ह्यानं,
टॉर्चवर निळा कागद,
थंडीनं बोटं लोखंडाला चिकटायची.
स्वतःखाली त्यांनी नाव नाही लिहिलं,
बारीकशी फुली मारली.

अठरा डोकी. सतरा खुणा.
शेवटून दुसरा राहिला.
पॅराशूटची घडी घालणारा.
हात आठवत होते त्याचे:
नखं मुळापर्यंत कापलेली,
कापडात अडकू नयेत म्हणून.
घडी घालताना कुणाशी बोलायचा नाही.
दोघं जण त्याच्या घडीवर जिवंत उतरले.
एकानं घड्याळ दिलं. दुसरा विसरला.

नाव?
"सांगली," ते म्हणाले.
"त्याला सगळे सांगलीच म्हणायचे. मला सातारा.
ए सातारा, बारा-तेरा दे.
ए सांगली, उजेड धर.
सात वर्षं एका तंबूत.
नावाची गरजच पडली नाही कधी."

त्या रात्री शटर ओढलं नाही.

मंगळवारच्या पॅसेंजरने सांगली.
पुस्तक पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर.
माजी सैनिकांच्या कचेरीत
कारकुनाने रजिस्टर ओढलं.
"नाव सांगा."
"तेच विचारायला आलोय."
"गाव?"
"सांगली."
"बाबा, इथं सगळेच सांगलीचे."
पण चहा पाजला त्याने, बिस्किटंही मागवली.

परतताना ताकारीला गाडी क्रॉसिंगला थांबली.
फलाटावर एक म्हातारा
वाळलेल्या धोतराची घडी घालत होता,
काठाला काठ, सुरकुती न ठेवता.
फडतरे खिडकीतून वाकून वाकून
त्याची नखं बघत राहिले.
गाडी हलली.

आता दुकान मी चालवतो.
पुस्तक फळीखालीच असतं,
एकशे बारा आपोआप उघडतं.
पेन्सिल पुसट व्हायला लागली तेव्हा
परवा सतरा खुणांवरून मी पुन्हा गिरवलं.
अठराव्याखाली त्यांनी 'सांगली' लिहून खोडलं होतं,
खालती पुन्हा लिहिलं होतं.
ते तसंच ठेवलं.